करातून कुणाचा पैसा कुणाकडे जातो?

चांदूर रेल्वेतल्या शिक्षकाच्या पगारपत्रकात दरमहा 200 रुपयांची कपात असते. फेब्रुवारीत ती 300 होते. हा व्यवसाय कर. ‘आम्ही राबायचं आणि सरकारनं रिकाम्या बसणाऱ्यांना वाटायचं’ ही तक्रार पगारदार मंडळींत नेहमीच ऐकू येते. पण हा कर 1975 साली लावला गेला तो मुख्यतः रोजगार हमी योजनेसाठी, आणि त्या योजनेत फुकट असं काही नव्हतंच. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली ही योजना 1972च्या दुष्काळात राज्यभर उभी राहिली, 1977 साली तिचा कायदा झाला. माती खणायची, खडी फोडायची आणि झालेल्या कामाच्या मोजमापावर मजुरी घ्यायची. त्यातून पाझर तलाव झाले, बांधबंदिस्ती झाली, रस्ते झाले. कपाशीची वेचणी आटोपली की कोरडवाहू गावात मजुराला काम उरत नाही, आणि यात त्याच्या आळसाचा काही संबंध नसतो. बारमाही मिळकत असणाऱ्यानं हंगामी मिळकतवाल्याच्या रिकाम्या महिन्यांचा थोडा भार उचलावा, एवढंच यामागचं तत्त्व. मला ते आजही पूर्ण न्याय्य वाटतं.

गरीब माणूस कर भरत नाही, हा दुसरा गैरसमज तर कृषी केंद्राच्या एका पावतीवरच खोटा ठरतो. रासायनिक फवारणीच्या औषधावर 18 टक्के जीएसटी लागतो: 9 टक्के केंद्राचा, 9 टक्के राज्याचा. नोंदणीकृत व्यापारी खरेदीवर भरलेला कर पुढं वळता करून घेतो. शेतकऱ्याला ती सोय नाही. भरलेला कर त्याच्याच अंगावर राहतो. डिझेलवरचा कर वेगळाच. यावर कुणी म्हणेल, शेतीच्या उत्पन्नाला तर आयकर माफ आहे. माफ आहे, आणि दुसरीकडची कमाई सातबाऱ्याआड लपवणारे धनदांडगे या माफीचा गैरफायदा घेतात हेही खरं. ती वाट बंद झालीच पाहिजे. पण चार-पाच एकर कोरडवाहू सोयाबीन-तुरीतून खर्च वजा जाता जे उरतं, ते आयकराच्या मर्यादेच्या आसपासही पोचत नाही. त्याला ही माफी नावालाच.

सगळ्यांत खोल रुजलेला समज म्हणजे एकाच्या कष्टाचा पैसा घेऊन दुसऱ्याला देणं हीच मुळात अनीती. तसं असेल तर चांदूरच्या नावातली रेल्वेच आधी तपासायला हवी. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची लाइन वऱ्हाडातून 1867 साली नागपूरला पोचली, ती सरकारी हमीच्या भांडवलावर. नफा कमी पडला तरी भागधारकांना पाच टक्के मिळतीलच, अशी ती हमी होती, आणि तूट भरून निघायची हिंदुस्थानच्या महसुलातून. त्या महसुलात शेतसाऱ्याचा वाटा मोठा होता. म्हणजे औतामागं चालणाऱ्याकडून पैसा निघून विलायतेतल्या भांडवलदाराच्या खिशात जात होता. ती रेल्वे कापूस व्यापाऱ्यांना उपयोगी पडली, हे कुणी नाकारत नाही. पण कराचा पैसा एका हातातून दुसऱ्या हातात जातोच. सरकार काहीच वाटत नाही असा काळ कधी नव्हता. म्हणून नीती-अनीतीचा निवाडा या प्रवाहाची दिशा पाहूनच करावा लागतो, आणि वरून खाली जाणारा पैसा हिसकावलेला, खालून वर जाणारा मात्र विकासाचा, हे माप मला मान्य नाही.

मधे पैसा मुरतो, हजेरीपटावर खोटी नावं चढतात, हा आक्षेप खरा आहे आणि गंभीरही. रोजगार हमीच्या कामांवर ते घडलेलं आहे. मात्र त्यावर उपाय चोख मोजमाप, उघडी हजेरी आणि सामाजिक अंकेक्षण हा आहे. खोट्या नावांपायी खऱ्या मजुराची मजुरी बंद करणं हा उपाय होत नाही.

पगारदारांची खरी तक्रार वेगळीच असायला हवी. आयकरात टप्पा ओलांडला तर वाढीव दर वरच्या रकमेलाच लागतो; व्यवसाय करात अशी चढण जवळजवळ नाहीच. महिना 10 हजारांच्या थोडं वर कमावणारा पुरुष वर्षाला 2,500 रुपये भरतो, म्हणजे उत्पन्नाच्या साधारण दोन टक्के. महिना लाख कमावणाराही तेवढेच भरतो. त्याला ते 0.2 टक्के पडतात. महिलांना 25 हजारांपर्यंत सूट मिळाली, हे बरं झालं. पण 2,500ची कमाल मर्यादा राज्यघटनेच्या 276व्या कलमात 1988च्या दुरुस्तीनं आली आणि तेव्हापासून ती तिथंच आहे. ती उठवून वरच्या पगारांवर चढता दर लावावा आणि खालच्या पगारदाराला या करातून मोकळं करावं.