चौदाव्या दिवशी

जुळे सोलापुरात कोणी गेलं की तेराव्यापर्यंत घरात पाय ठेवायला जागा नसते. शेजाऱ्यांचे डबे येतात, पुण्याची मुलं येतात. चौदाव्या दिवशी मुलं गाडीत बसतात आणि मागे एकटी आई उरते. आपल्या लेखी तेव्हा 'दिवस झाले'. तिचं खरं एकटेपण तिथून सुरू होतं.

रडते ती खचली, रडत नाही ती सावरली, हा आपला हिशेब चुकीचा आहे. आठव्या महिन्यात शेंगाची चटणी कुटताना नवऱ्याच्या आठवणीनं डोळे भरले, तर तो आजार नव्हे. दुःखात मधूनमधून उसंत मिळते का, हे पाहायचं. रोजची तीच तळमळ, 'माझ्यातलंच काही संपलं' ही भावना, माणसं टाळणं, जेवण-औषधांची हेळसांड असं महिनोन्‌महिने चाललं, तर घरच्यांचं समजावणं पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये अशा लांबलेल्या शोकाची वेगळी नोंद आहे. निदानासाठी किमान ६ महिने धरतात. मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकी नियमावलीत २०२२पासून प्रौढांसाठी वर्षाची अट आहे.

ही मुदत निदानाची आहे, मदत मागण्याची नाही. 'मलाही त्यांच्याकडेच जायचंय' हे शब्द कानावर आले, तर त्याच दिवशी हालायचं. 'जीव द्यावासा वाटतो का?' असं थेट विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, हाही गैरसमजच.

नकारापासून स्वीकारापर्यंतच्या शोकाच्या पाच पायऱ्यांबद्दलही असाच गैरसमज आहे. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी १९६९ साली त्या मांडल्या मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांसाठी ते वेळापत्रक नव्हतं.

'डॉक्टर गोळ्या देऊन झोपवतील' ही भीती घरोघरी. लांबलेल्या शोकावर मुख्य उपचार बोलण्याचाच. सोबत नैराश्य असेल तर औषधं लागू शकतात.

सुरुवात फोननं करता येते. १४४१६, टेलि-मानस: सरकारी, मोफत, चोवीस तास, मराठीतही. समोरासमोर बोलायचं तर वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं आपलं सिव्हिल हॉस्पिटल आहे. मानसोपचाराची ओपीडी विचारायची. फक्त 'जाऊन ये की' म्हणून तिला एकटीला धाडू नका. केसपेपरच्या रांगेतूनच ती परत फिरेल.