फोहो : दुष्काळी मुलुखाचा नाच

ब्राझील म्हटले की आपल्याला आठवतो पेलेचा फुटबॉल, आणि फार तर रिओच्या कार्निव्हलमधला पिसांच्या मुकुटांचा सांबा. माझीही कल्पना यापलीकडे गेलेली नव्हती. यंदा सुट्टीत एका वेगळ्याच ब्राझिली नाचाची चित्रफीत पाहण्यात आली. त्यात ना मुकुट होते, ना रंगमंच. साध्या कपड्यांतली तरुण-म्हातारी माणसे जोडीजोडीने नाचत होती आणि गाणे संपले की जोड्या बदलत होत्या. या नाचाचे नाव फोहो. त्याविषयी पुढे जे कळत गेले, ते येथे सांगते.

ब्राझीलच्या ईशान्येला ‘सेर्ताव’ नावाचा कोरडा, काटेरी झुडपांचा मुलूख आहे. तिथला पाऊस लहरी. १८७७ ते १८७९ च्या दुष्काळात तिथे लाखो माणसे दगावली. पुढेही वेळोवेळी गावेच्या गावे पोटासाठी रिओ आणि साव पावलोकडे निघाली. शहरात या लोकांना मजुरी मिळाली, पण त्यांच्या बोलीची आणि गाण्यांची टिंगलही झाली.

त्यांच्यापैकीच एक लुईझ गोन्झागा. जन्म १९१२, पर्नाम्बुको प्रांतातले एशू हे गाव. वडील अकॉर्डियन वाजवीत आणि दुरुस्तही करीत. लष्करातली नोकरी सोडून गोन्झागा १९३९ मध्ये रिओत आला आणि गुत्त्यांमध्ये टँगो, वॉल्ट्झ असल्या परदेशी चाली वाजवू लागला. तिथे ईशान्येकडच्याच काही विद्यार्थ्यांनी त्याला म्हटले, आपल्याकडचे काही वाजव की! त्याने वाजवले, आणि त्याचे नशीबच पालटले. १९४१ पासून त्याच्या ध्वनिमुद्रिका निघू लागल्या. १९४७ चे ‘आझा ब्रांका’ हे त्याचे गाणे दुष्काळाने गाव सोडणाऱ्या माणसाचे आहे. त्यात पाखरूसुद्धा रान सोडून जाते. गुराख्याची चामड्याची टोपी घालून तो सभागृहात उभा राही. ज्या वेषाला शहर हसत होते, तोच त्याने मिरवला.

फोहोला वाद्ये तीनच पुरतात : अकॉर्डियन, झबुंबा आणि लोखंडी त्रिकोण. अकॉर्डियन आपल्या पेटीच्या नात्यातले. भात्याच्या हवेने धातूच्या पातळ पट्ट्या थरथरतात, हे तत्त्व दोहोंत एकच. झबुंबा हा मोठा ढोल; वरच्या बाजूला जाड टोल्याने घुमारा काढायचा आणि खालच्या बाजूला बारीक छडी मारायची. मूळ पाऊल अगदी सोपे : दोन पावले इकडे, दोन पावले तिकडे. वळायचे कुठे, थांबायचे कुठे, हे बोलून सांगत नाहीत. अंगाच्या झुकण्यावरून जोडीदाराला कळते.

परक्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून नाचायचे, ही गोष्ट आमच्या गावात सांगितली तर काय होईल, ते वाचकांनीच ताडावे! मलाही संकोच वाटला. पण या मेळ्याची एक रीत आहे. कोणीही कोणापुढे हात करावा, समोरच्याने वाटल्यास नाही म्हणावे. एक गाणे संपले की आभार मानून मोकळे व्हावे. मुरलेला नाचणारा नवशिक्याबरोबरही नाचतो. पुष्कळ ठिकाणी आता मुलीही पुढाकार घेऊन जोडीदाराला नाचवतात.

फोहोचा मोठा हंगाम जूनमध्ये, संत जॉनच्या सणाला. तेव्हा तिकडे मक्याचे पीक हाती येते. होळ्या पेटतात, आणि काम्पिना ग्रांदे व कारुआरू या शहरांत महिनाभर नाचगाणी चालतात. हाच सण पोर्तुगिजांबरोबर आपल्या गोव्यातही आला. २४ जूनचा ‘सांजाव’ तो हाच. तिकडे विस्तवाभोवती फेर, इकडे पावसात फुलांचे मुकुट घालून विहिरीत उड्या!

‘फोहो’ हा शब्द इंग्रज रेल्वे इंजिनिअरांच्या ‘फॉर ऑल’ म्हणजे ‘सर्वांसाठी’ या पाटीवरून आला, अशी एक दंतकथा आहे. अभ्यासक ती मानत नाहीत. धांगडधिंग्याच्या गावठी जलशाला ‘फोहोबोदो’ म्हणत, त्याचे हे लघुरूप. पण दंतकथा इतकी का टिकली, हे तो नाच पाहिल्यावर कळते.

१९९० नंतरच्या दशकात साव पावलोच्या विद्यार्थ्यांनी फोहो उचलून धरला. त्या शैलीला ‘विद्यापीठी फोहो’ असेच नाव पडले. आज लिस्बन, पॅरिस, बर्लिन येथेही तो नाचला जातो. गोन्झागा १९८९ मध्ये वारला. त्याचा जन्मदिवस, १३ डिसेंबर, हा ब्राझीलमध्ये राष्ट्रीय फोहो दिन आहे. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या सरकारने फोहोला राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. वर्गात बोलताना गावाकडचा शब्द तोंडून निसटला की मी आधी आजूबाजूला पाहते. आई जात्यावरच्या ओव्या म्हणते, त्या मी मैत्रिणींना कधी ऐकवलेल्या नाहीत. रिओच्या त्या गुत्त्यातले विद्यार्थीही शिकण्यासाठीच घर सोडून आलेले होते. त्यांनी गोन्झागाजवळ जे मागितले, ते आपल्या स्नेहसंमेलनात कोणी मागेल का? मागितले, तर वाजवायला आपल्यापाशी काय उरलेले असेल?