गोठवलेले ताट : टर्कीच्या तयार जेवणात असते काय?

आमचा पुतण्या अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यातल्या एका मोठ्या गोदामात रात्रपाळीला असतो. गेल्या वर्षी फोनवर बोलता बोलता तो आईला सहज म्हणाला की, पाळीच्या सुट्टीत आम्ही गोठवलेले टर्कीचे तयार जेवण मायक्रोवेव्हमध्ये गरम करून खातो. वहिनींना त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी त्या आम्हांला म्हणाल्या, "भाऊजी, महिनोन्‌महिने बर्फात पडलेले आणि लहरींनी तापवलेले ते अन्न. त्यात सत्त्व ते काय उरणार?"

आम्ही सातवीत शाळा सोडली. आहारशास्त्र आम्हांला कोणी शिकवले नाही. परंतु तीस वर्षे कामगारांची पगारपत्रके वाचण्यात गेल्यामुळे बारीक अक्षरांत छापलेले आकडे दिसले की आमचे डोळे आपोआप तिकडे वळतात. पुतण्याला म्हटले, त्या खोक्याची मागची बाजू आम्हांला पाठव. त्या एका खोक्यावरून आम्ही जे वाचत गेलो, तेच या व्याख्यानात श्रोत्यांपुढे ठेवले होते.

टर्की हा कोंबडीच्याच जातकुळीतला, पण पुष्कळ मोठा पक्षी. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी अमेरिकेत कृतज्ञतेचा सण असतो. त्या दिवशी घरोघरी अख्खी टर्की भाजतात. घरातील बाईचा सगळा दिवस त्यात जातो. सणाचे हे जेवण खणांच्या ॲल्युमिनियमच्या ताटलीत भरून, गोठवून, 98 सेंटला विकण्याचा उद्योग नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा येथील स्वॉन्सन कंपनीने 1953-54 च्या सुमारास सुरू केला. एका खणात मक्याच्या पावाचे सारण, त्यावर टर्कीचे काप आणि ग्रेव्ही, दुसऱ्यात मटार, तिसऱ्यात रताळी. सणानंतर उरलेली 260 टन टर्की आगगाडीच्या शीतडब्यांतून हिंडत होती व त्यातून ही कल्पना निघाली, अशी कथा कंपनीचा एक विक्रेता सांगत असे. कंपनीच्या मालकांच्या वारसांना ती मान्य नव्हती. ते असो. सर्व खण एकाच वेळी नीट तापावेत, एक करपून दुसरा गार राहू नये, यासाठी बेटी क्रोनिन या जंतुशास्त्रज्ञ बाईंनी खटपट केली, आणि खरे कसब तेच होते.

त्या वेळी ही ताटली साध्या भट्टीत सुमारे पंचवीस मिनिटे ठेवावी लागे. मायक्रोवेव्ह भट्टी मागाहून घरोघर आली. तिचा जनक पर्सी स्पेन्सर हा वयाच्या बाराव्या वर्षी गिरणीत कामाला लागलेला, शाळा पुरी न केलेला, स्वतःच वाचून वीजविद्या शिकलेला माणूस. 1945 मध्ये रडारच्या नळीजवळ उभा असताना त्याच्या खिशातली मिठाई वितळली, आणि त्याने त्याचे कारण शोधले. या शोधाबद्दल रेथिऑन कंपनीने त्याला दोन डॉलर बक्षीस दिले, तेच ती आपल्या पगारी संशोधकांना नेहमी देत असे. आम्ही हे मुद्दाम सांगतो. 1967 साली ओट्यावर मावेल अशी भट्टी 495 डॉलरला निघाली, आणि 1986 मध्ये स्वॉन्सनची ॲल्युमिनियमची ताटली जाऊन तिच्या जागी मायक्रोवेव्हमध्ये चालणारी प्लॅस्टिकची ताटली आली.

आता वहिनींचा प्रश्न. गोठवल्याने सत्त्व जाते का? प्रथिनांना गोठण्याने काही होत नाही. उणे 18 अंशांवर जंतूंची वाढ थांबते. मटार शेतातून निघाल्यावर काही तासांत उकळत्या पाण्यातून काढून गोठवतात. त्या पाण्यात ‘क’ जीवनसत्त्वाचा काही भाग जातो हे खरे. परंतु बाजारात चार दिवस पडून सुकलेल्या शेंगांतूनही ते जातेच. लहरींचे म्हणाल, तर त्या अन्नातील पाण्याचे कण हालवून उष्णता निर्माण करतात, इतकेच. अन्नात त्या मागे काही ठेवीत नाहीत. पाणी थोडे आणि वेळ थोडा लागत असल्याने भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकण्यापेक्षा या रीतीत जीवनसत्त्वे बहुधा जास्तच टिकतात. म्हणजे बर्फ आणि लहरी दोघेही या खटल्यातून निर्दोष सुटले. मग आरोपी कोण, हे पाहण्यासाठी खोके वाचू या.

खोक्यावरचा ‘टर्की’ हा शब्द मोठा आणि चित्रातले काप जाड असतात. अमेरिकन सरकारच्या नियमाप्रमाणे अशा जेवणाला टर्कीचे जेवण म्हणवून घ्यायला त्यात शिजवलेले, हाडे काढलेले मांस शेकडा 18 असले की पुरते. ताटलीचे वजन सुमारे 280 ग्रॅम धरा. शेकडा 18 म्हणजे जेमतेम 50 ग्रॅम मांस. टर्कीच्या छातीच्या भाजलेल्या शंभर ग्रॅम मांसात सुमारे 30 ग्रॅम प्रथिने असतात. तेव्हा या किमान मांसातून 15 ग्रॅम मिळाली. बाजारातल्या मध्यम प्रतीच्या ताटल्यांवर बहुधा 15 ते 20 ग्रॅमच प्रथिने आणि 300 च्या आसपास उष्मांक छापलेले असतात. पासष्ट किलो वजनाच्या माणसाला दिवसाला निदान 52 ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे एका जेवणापुरती प्रथिने ठीकच आहेत, ती नाकारू नयेत. पण रात्रभर खोकी उचलणाऱ्या गड्याला 300 उष्मांक म्हणजे न्याहारी झाली. दोन तासांनी त्याला पुन्हा भूक लागते, आणि मग तो नाणी टाकून मिळणाऱ्या बिस्किटांच्या यंत्राकडे जातो. तंतुमय भाग तीन-चार ग्रॅम. शिफारस दिवसाला सुमारे 28 ग्रॅमची. मूळच्या ताटलीतल्या रताळ्यांच्या जागी आता पुष्कळदा कुस्करलेला बटाटा असतो. त्याबरोबर ‘अ’ जीवनसत्त्वाचा मोठा वाटाही गेला.

आणि मीठ! खोक्यावर ते ‘सोडियम’ या नावाने येते, म्हणून साध्या माणसाच्या ध्यानात येत नाही. सोडियमला अडीचने गुणले की मीठ मिळते. या ताटल्यांत 800 ते 1000 मिलिग्रॅम सोडियम सर्रास असते, म्हणजे दोन ते अडीच ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणते. निम्मा वाटा त्या 300 उष्मांकांतच संपला! मांस दोनदा तापूनही कोरडे पडू नये म्हणून त्यात मिठाचे पाणी आणि सोडियमचे फॉस्फेट मुरवतात; शिवाय ग्रेव्हीत मीठ वेगळे, सारणाच्या पावात वेगळे, बटाट्यात वेगळे. ग्रेव्ही केवळ चवीसाठी नसते. शिजलेल्या मांसाला हवा लागून जो शिळा वास येतो, तो ती झाकून रोखते. मीठ कमी करता येत नाही असे मात्र कोणी म्हणू नये. 1985 मध्ये कॉनॅग्रा कंपनीचे प्रमुख माइक हार्पर यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यानंतर त्यांच्या कंपनीने ‘हेल्दी चॉइस’ नावाची कमी मिठाची, कमी चरबीची जेवणे काढली. मालकाच्या छातीत दुखले तेव्हा मीठ कमी झाले. कामगारांच्या छातीत त्याआधीही दुखतच असणार.

येथवरचे सारे खोक्यावर वाचता येते. जे छापलेले नसते ते आता सांगतो. लहरी पाण्याला चटकन तापवतात, बर्फाला फार सावकाश. त्यामुळे कडेचे बर्फ आधी वितळते, ती कड उकळू लागते आणि मध्यभाग गारच राहतो. म्हणून मध्ये हलवा, नंतर दोन-तीन मिनिटे तसेच ठेवा, आत 74 अंश सेल्सियस उष्णता आली पाहिजे, असे सांगितलेले असते. 2007 मध्ये अमेरिकेत कोंबडी व टर्कीच्या गोठवलेल्या कच्च्या पाय खाऊन 41 राज्यांत 401 लोकांना साल्मोनेला जंतूंची बाधा झाल्याची नोंद झाली. पाय म्हणजे मांस भरून भाजायची पोळीसारखी वाटी. अनेकांनी त्या मायक्रोवेव्हमध्ये तापवल्या होत्या, आणि आपली भट्टी किती वॅटची हेच पुष्कळांना ठाऊक नव्हते.

आम्ही पुतण्याला विचारले, तुमच्या जेवणाच्या खोलीत भट्ट्या किती? तो म्हणाला, "काका, दोन. आणि आम्ही चाळीसजण." एका ताटलीला सात मिनिटे धरली तर अर्ध्या तासाच्या सुट्टीत दोन भट्ट्यांवर आठ माणसे जेवतील. बाकीचे बत्तीसजण चार मिनिटांतच ताटली ओढून काढतात, मधला भाग कटकटीत थंड असतानाच खातात, किंवा खातच नाहीत. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात मालकाने प्रौढ कामगाराला जेवणाची सुट्टी दिलीच पाहिजे असे बंधन नाही, न्यू जर्सीच्या कायद्यातही नाही. आमच्याकडे 1948 च्या कारखाने कायद्याने पाच तासांच्या कामानंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती आणि अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात उपाहारगृह ठरवून दिले होते. ते मिळवायला किती वर्षे गेली हे आमच्या वडिलांच्या पिढीला ठाऊक होते.

वहिनींना आम्ही सांगितले, अन्नात सत्त्व आहे, पण थोडे आहे आणि मीठ फार आहे. पुतण्याला सांगितले, निम्मी ग्रेव्ही बाजूला काढ, घरून बिनमिठाचे उकडलेले मटार मूठभर ने, सोबत एक केळे आणि दूध घे, आणि ताटली हलवून तीन मिनिटे तशीच ठेव. त्यावर तो हसला. म्हणाला, "काका, ती तीन मिनिटे कोठून आणू?" त्याने आणि त्याच्या पाळीतल्या अकराजणांनी आणखी चार भट्ट्यांसाठी अर्ज दिला आहे. अर्जाचा मसुदा आम्ही तपासला. इंग्रजी त्यांचेच आहे, वरची बेरीज-भागाकार आमची.