जुना ट्रक सुरू होत नाही? आधी कान द्या, मग खिशात हात घाला

धुळे-सोलापूर महामार्गावर बीडच्या दक्षिणेला मांजरसुंबा आहे. पाटोदा आणि नेकनूर-केजकडचे रस्ते येथेच महामार्गाला मिळतात. जवळच घाट आहे. ऊसतोडीच्या हंगामात येथून जाणारा जुना ट्रक सकाळी सुरू झाला नाही, तर खेप बुडते आणि घाईघाईत नवी बॅटरी किंवा सेल्फ गळ्यात पडतो. पुष्कळदा दोष किरकोळ असतो. तो ओळखण्याची रीत वाहतूक व्यवसायातील बांधवांसाठी आम्ही येथे देत आहोत.

प्रथम एक गोष्ट लक्षात घ्यावी. डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो. दाबाने तापलेल्या हवेत डिझेल फवारले की ते आपोआप पेटते. म्हणजे तपासण्याच्या बाजू दोन: इंजिन फिरवणारा करंट आणि आत जाणारे डिझेल.

गाडी न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. मग हेडलाइट लावून सेल्फ मारा.

१) लाइट मंदावतात, ‘टक’ आवाज येतो किंवा इंजिन जड फिरते : बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल, गंजलेले आहे. टर्मिनल घासून घट्ट करा. इंजिन व चेसिसला जोडलेली अर्थिंगची पट्टीही पाहा. तिच्याकडे सहसा कोणी बघत नाही. भरलेली 12 व्होल्टची बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ती 9.6 च्या बरीच खाली गेली, तर ती चार्ज करून पुन्हा तपासावी.

२) लाइट प्रखर, पण सेल्फ गप्प : स्विच, त्याची वायर किंवा सेल्फवरील सोलेनॉइड तपासा.

३) इंजिन जोरात फिरते, पण पेटत नाही : येथे बॅटरीला दोष देऊ नये. सायलेन्सरमधून धूर मुळीच नसेल, तर डिझेल पोहोचत नाही. टाकी पाहा. इंजिन बंद करण्याची केबल अडकून पंपाचा लिव्हर बंद स्थितीतच राहिला आहे का, हेही पाहा. मग फिल्टर आणि पाइपचे जोड तपासा. लाइनने एअर घेतली असेल, तर फिल्टरवरील स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत हँडपंप मारा व स्क्रू आवळा. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल आत जाते पण जळत नाही. हे काम पंप-नोझलच्या मिस्त्रीचे आहे.

ही रीत जुन्या, साध्या पंपाच्या गाड्यांसाठी आहे. एप्रिल 2020 पासूनच्या बी.एस.-6 गाड्यांत डिझेलचा दाब फार मोठा असतो. त्यांचे पाइप रस्त्यावर उघडू नयेत.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. गाडी उतारावर सोडून चालू करण्याचा मोह घाटात टाळावा. हवेच्या ब्रेकला लागणारी हवा इंजिन चालू झाल्यावरच भरते. टाकीत हवा नसेल आणि इंजिन पेटले नाही, तर पायाखालचा ब्रेक उपयोगी पडणार नाही. खेप उद्याही मिळेल, गेलेला जीव परत येत नाही.