दोन बुडबुडे

कयाकच्या पोटात उजवा हात खांद्यापर्यंत घालून, गाल तापलेल्या प्लास्टिकला टेकवून मी ट्रान्सड्यूसर खरवडून काढत होतो. देवबागला कर्ली खाडीच्या काठावर, माडांच्या सावलीत कयाक दोन ठोकळ्यांवर ठेवली होती. आदल्या दिवशीच तिच्या तळाला आतून फिशफाइंडरचा हा ट्रान्सड्यूसर सिलिकॉननं चिकटवला होता. सकाळी खाडीत उतरलो तर पडद्यावर तळच येईना. मध्येच अर्धा मीटर दिसे, मध्येच नुसत्या रेघोट्या. शेजारच्या होडीतून काकांनी दोरीला बांधलेलं शिसं सोडलं आणि सांगितलं, दोन वाव पाणी. म्हणजे साधारण साडेतीन मीटर. वर म्हणाले, "मशीन कित्याक होया? पाण्याक इचार, ता सांगता."

संध्याकाळी ट्रान्सड्यूसर सुटून हातात आला, तेव्हा चूक समोर दिसली. सिलिकॉनच्या थरात अगदी मधोमध तुरीच्या डाळीएवढा खळगा होता, आतून गुळगुळीत आणि चकचकीत. चिकटवताना तिथं हवा अडकली होती. एवढ्याशा हवेनं यंत्राला आंधळं केलं होतं.

फिशफाइंडर पाण्यात बघत नाही, हाक मारून ओ येण्याची वाट बघतो. ट्रान्सड्यूसरमध्ये सिरॅमिकची एक चकती असते. विजेचा झटका दिला की ती थरथरते, आणि बाहेरून थरथर आली की उलट वीज देते. स्फटिकांवर दाब दिला की वीज निर्माण होते हे जाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८०मध्ये पॅरिसमध्ये दाखवलं, ही त्याचीच पुढची पायरी. माझी चकती सेकंदाला दोन लाख वेळा थरथरते. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगानं. म्हणजे पाण्यातली तिची एक लाट साडेसात मिलिमीटर लांबीची. साडेतीन मीटरवरच्या तळाला आपटून तिला परत यायला ५ मिलिसेकंदही लागत नाहीत. हा वेळ मोजायचा, वेगानं गुणायचं आणि निम्मं करायचं, झाली खोली. पाण्यातला आवाजाचा वेग १८२६मध्ये कोलाडाँ आणि स्टर्म यांनी जिनिव्हाच्या सरोवरात मोजला, तेव्हा एका होडीतून पाण्यात बुडवलेली घंटा वाजवली आणि साडेतेरा किलोमीटरवरच्या दुसऱ्या होडीत पाण्यात नळी सोडून ती ऐकली. तळाला चिकटवलेला माझा ट्रान्सड्यूसर म्हणजे तीच घंटा आणि तीच नळी, एका मुठीत मावणारी.

पण होडीच्या आत चिकटवलेली घंटा बाहेरच्या पाण्याला ऐकू कशी जाते? जाड दोराला बारीक सुतळी बांधा आणि दोराला हिसका द्या. लाट गाठीपर्यंत जाते आणि तिथून बरीचशी मागे फिरते. तीच लाट दोराकडून तितक्याच जाड दोराकडे जाताना गाठ जाणवत नाही. आवाजाच्या बाबतीत ही जाडी म्हणजे पदार्थाची घनता आणि त्यातला आवाजाचा वेग यांचा गुणाकार. मेट्रिक मापात पाण्याचा हा आकडा १५ लाख येतो. कयाक ज्या पॉलिथिलीनची असते त्याचा २० लाखांच्या आसपास. हे दोघे जवळजवळ सारख्याच जाडीचे दोर, त्यामुळे त्यांच्या सीमेवर ९५ टक्क्यांहून जास्त आवाज पलीकडे जातो. हवेचा आकडा मात्र जेमतेम ४००. प्लास्टिककडून हवेकडे जाताना हजारातला एखादा भाग पलीकडे जातो, बाकी सगळा मागे फिरतो. आवाजासाठी हवेचा पातळसा पापुद्राही भिंत आहे.

म्हणून पॉलिथिलीनच्या कयाकला तळाला भोक पाडावं लागत नाही, आणि हे मला फार मोलाचं वाटतं. भरीव फायबरच्या होडीतूनही आवाज जातो. पण दोन थरांमध्ये फोम भरलेला असेल तर जात नाही आणि लाकडातून तर नाहीच, कारण लाकडाच्या पेशीपेशीत हवा कोंडलेली असते. काकांच्या लाकडी होडीला ट्रान्सड्यूसर बाहेरूनच लावावा लागेल.

कयाकलाही तो बाहेरून लावता येतो. बाजूला दांडा बसवून पाण्यात सोडायचा, किंवा बैठकीतलं पाणी निचरायची जी आरपार भोकं असतात त्यांच्यात खालून बसवायचा. बाहेर लावला की पाण्याचं तापमान खरं कळतं. आत लावला तर यंत्र होडीच्या तळाचं तापमान सांगत बसतं. तळाचं फोटोसारखं चित्र काढणारे ४५५ किंवा ८०० किलोहर्ट्झचे ट्रान्सड्यूसर तर बाहेरच हवेत, कारण इतका बारीक आवाज प्लास्टिक शोषून घेतं. पण आपल्या खाड्यांमध्ये कालवांनी भरलेले खडक असतात, जाळी असतात, आणि ओहोटीला कयाक वाळूवरून ओढावीच लागते. बाहेर लटकणारी वस्तू तिथं टिकायची नाही. साध्या २०० किलोहर्ट्झच्या यंत्रासाठी मी आतलाच मार्ग धरला आणि अजूनही तोच सुचवीन.

जागा शोधण्यासाठी डिंकाला हात लावायची गरज नाही. प्लास्टिकच्या झिप पिशवीत पाणी भरायचं, त्यात ट्रान्सड्यूसर घालायचा, हवा पूर्ण दाबून काढायची आणि पिशवी बंद करायची. कयाक पाण्यात तरंगती ठेवून झाकणाच्या तोंडातून ही पिशवी तळावर वेगवेगळ्या ठिकाणी ठेवून बघायची. पिशवीखालचा तळही आधी ओला करायचा. मग तोच ट्रान्सड्यूसर बाहेर थेट पाण्यात धरायचा आणि दोन्ही चित्रं ताडून बघायची. जिथं आतलं चित्र बाहेरच्याच्या जवळ येतं ती जागा आपली. कयाकच्या तळाला जिथं ताकदीसाठी पन्हळी असतात किंवा प्लास्टिक दुहेरी असतं, तिथं चित्र एकदम फिकं पडतं. जागा सपाट हवी आणि आपण बैठकीवर बसल्यावर ट्रान्सड्यूसरचं तोंड सरळ खाली हवं. ते १० अंशांनी कललं तर सहा मीटर खोलीवर आपण होडीखालचं न बघता एक मीटर बाजूचं बघत असतो.

सिलिकॉन मी पुन्हा वापरलं नाही. पॉलिथिलीनला डिंक धरत नाही हा त्याचा स्वभावच आहे. तेलकट तव्यावर पाणी जसं पसरत नाही, तसे बहुतेक डिंक त्याच्यावर नीट पसरत नाहीत. दुसऱ्या खेपेला योगासनांच्या जुन्या चटईचा जाड तुकडा घेतला आणि मधोमध ट्रान्सड्यूसरच्याच आकाराचं भोक कापलं, पण किंचित कमी मापाचं. कयाकचा तळ पॉलिश पेपरनं घासून स्पिरिटनं पुसला, ते फोमचं कडं वॉटरप्रूफ लवचीक डिंकानं तिथं बसवलं आणि २४ तास हात लावला नाही. या कड्याच्या वाटीत पाणी घालायचं आणि ट्रान्सड्यूसर त्यात दाबून बसवायचा. पाणी हाच डिंक आणि पाणी हाच पूल. डिंकाचं काम फक्त कडं धरून ठेवायचं, आणि कड्याखाली थोडी हवा राहिली तरी बिघडत नाही, कारण आवाज तिथून जायचाच नाही.

काकांनी खोबरेल तेल घालायला सांगितलं होतं. सल्ला वाईट नव्हता, तेलातूनही आवाज उत्तम जातो. पण खोबरेल २४-२५ अंशांच्या खाली थिजतं. जानेवारीच्या पहाटे खाडीवर पारा त्याच्या खाली उतरतो, आणि थिजताना तेल आकसतं. मग कडेनं हवा शिरलीच. मी उकळून गार केलेलं पाणी घालतो. नळाच्या ताज्या पाण्यात हवा विरघळलेली असते. उन्हात होडी तापली की ती बारीक बुडबुड्यांच्या रूपानं बाहेर पडते आणि नेमकी ट्रान्सड्यूसरच्या खालच्या तोंडाला जाऊन चिकटते. उकळताना यातली बहुतेक हवा आधीच निघून जाते. ट्रान्सड्यूसरच्या तोंडावरून साबणाचं ओलं बोट फिरवायचं, म्हणजे पाणी त्याला सगळीकडे लगटतं. मग मोबाइलचा स्क्रीनगार्ड बसवतात तशी आधी एक कड टेकवायची आणि हळूहळू दुसरी खाली आणायची. सरळ वरून दाबला की मधली हवा कोंडलीच म्हणून समजा. पहिल्यांदा मी तेच केलं होतं.

विजेचं काम सोपं आहे. १२ व्होल्टची ७ अँपिअर-तासांची बॅटरी दिवसभर पुरते, कारण छोटं यंत्र अर्ध्या अँपिअरच्या आसपासच खातं. घट्ट झाकणाच्या डब्यात ती ठेवायची आणि धन तारेवर बॅटरीलगत ३ अँपिअरचा फ्यूज लावायचा. तो टाळू नये. खाऱ्या पाण्यानं तारा एकमेकींना भिडल्या तर होडीच्या बंद पोटात आग लागू शकते. ट्रान्सड्यूसरची केबल लांब वाटली तरी कापायची नाही, वेटोळं करून ठेवायची.

आता बाहेरचा बुडबुडा. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या नागासाकी भागात फुरुनो बंधू मच्छीमार बोटींवर विजेची कामं करत. माशांचा थवा असतो तिथं पाण्यावर बुडबुडे येतात, असं मच्छीमार त्यांना सांगत. बुडबुड्याला आवाज आपटून परत येतो, मग मासेही आवाजानं सापडायला हवेत, असा विचार करून त्यांनी युद्धातून उरलेल्या खोली मोजायच्या यंत्रांवर प्रयोग केले आणि १९४८मध्ये व्यवहारात चालणारा पहिला फिशफाइंडर बाजारात आणला. त्याआधी १९३५मध्ये नॉर्वेच्या ऑस्कर सुंद यांनी लोफोतेन बेटांजवळच्या कॉड माशांच्या थराची, अशाच प्रतिध्वनीनं कागदावर उमटलेली रेघ 'नेचर'मध्ये छापली होती.

फुरुनोंना मच्छीमारांनी सांगितलेला बुडबुडा माशाच्या पोटातही असतो. बहुतेक हाडाळ माशांच्या पोटात वाताशय नावाची हवेची पिशवी असते, पाण्यात हवं त्या खोलीवर तरंगत राहण्यासाठी. माशाच्या मांसाचा तो दोरांचा आकडा पाण्याच्या अगदी जवळ आहे, त्यामुळे मांस आवाजाला जवळजवळ पारदर्शक असतं. माशाकडून जो आवाज परत येतो त्यातला ९० टक्क्यांहून अधिक या पिशवीकडूनच येतो, हे केनेथ फूट यांनी १९८०मध्ये वाताशय असलेले कॉडच्या कुळातले मासे आणि तो नसलेला अटलांटिक मॅकरेल यांची तुलना करून दाखवलं. म्हणून मुशी आणि पाकट कितीही मोठे असले तरी पडद्यावर फिकेच येतात. त्यांना वाताशय नसतोच. जी हवा होडीत अडकली की यंत्र आंधळं होतं, तीच हवा माशाच्या पोटात असते म्हणून यंत्राला मासा दिसतो. हे कळल्यापासून मला पडद्यावरची प्रत्येक खूण वेगळीच वाटायला लागली आहे.

पडद्यावर मासा कमानीसारखा दिसतो असं जाहिरातींत दाखवतात. कमान का, तर आवाजाचा झोत शंकूसारखा पसरतो. शंकूच्या कडेला असलेला मासा थोडा लांब पडतो, मधोमध आल्यावर जवळ येतो, पुन्हा लांब जातो. माझ्या यंत्राचा शंकू २० अंशांचा. साडेतीन मीटर पाण्यात त्याचं खालचं वर्तुळ सव्वा मीटर रुंद आणि कमानीची उंची फक्त ५ सेंटिमीटर. उथळ खाडीत कमान शोधत बसू नये. तिथं मासा म्हणजे एक जाड, आडवी रेघ.

तशी एक रेघ त्यानंतरच्या रविवारी पहाटे दिसली. तळ ठळक पिवळा आला होता, ३.६ मीटर, काकांच्या दोन वावांना धरून. खडपाच्या कडेला तळाच्या हातभर वर ती रेघ सरकत होती. काकांची होडी दहा हातांवर होती आणि त्यांचा गळ आधीच त्याच खडपाशी पडला होता. तांबोशी त्यांनाच लागली, दीड किलोची.

दुपारी काकींनी ती आडाळ्यावर साफ केली. आतडी बाजूला सारून बोटभर लांबीची, शिंपल्याच्या आतल्या अंगासारखी चमकणारी पिशवी त्यांनी अलगद सोडवली. किनाऱ्यावर तिला बोत म्हणतात, आणि मोठ्या घोळीची असेल तर तिचं मोल माशाहून जास्त. काकांनी ती उचलून माझ्या तळहातावर ठेवली. मी बोटानं दाबली. आत हवा होती.