वळणावर गाडी का कलते?

साताऱ्याहून कासकडे जाताना यवतेश्वरच्या घाटात छोटी गाडी वळणावर बाहेरच्या अंगाला कलते. मग सल्ला मिळतो : स्प्रिंगचा एक वेढा कापा, गाडी खाली बसेल. आपण आधी हिशेब करू.

समजा, गाडी ८०० किलोची, वळणाची त्रिज्या २५ मीटर, वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंमी उंच आणि डाव्या-उजव्या चाकांत १.२ मीटर अंतर असेल, तर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सुमारे १,३३० न्यूटन भार सरकतो. या हिशेबात स्प्रिंग कुठेच आली नाही! ताठ स्प्रिंगने गाडी कमी कलते, भार मात्र जवळजवळ तेवढाच सरकतो. गाडी ३ सेंमी खाली आणली, तरी फरक जेमतेम ८० न्यूटनचा.

उलट तोटा मोठा. सांगलीकडे काळ्या मातीवरचे रस्ते माती फुगून-आक्रसून उंचसखल होतात. तिथे कापलेल्या स्प्रिंगला दबायला जागाच उरत नाही. चाक उसळते, क्षणभर रस्ता सोडते. अधांतरी चाक गाडीला ना वळवू शकते, ना थांबवू.

म्हणून आम्ही आधी टायर पाहू, मग शॉकॲब्सॉर्बर. स्प्रिंगने साठवलेल्या ऊर्जेची तो उष्णता करतो आणि उसळणे थांबवतो. तेल गळत असेल तर गाडीच्याच मापाचे नवे, तेही जोडीने बसवावेत. एवढे करूनही कलणे खटकले, तर अँटीरोल बार. हा पिळला जाणारा दांडा १० टक्के जाड घेतला की सुमारे ४६ टक्के ताठ होतो. दोन्ही चाके एकदम खड्ड्यात गेली तर तो पिळलाच जात नाही, त्यामुळे सांगलीच्या रस्त्यावरही त्याचा जाच कमी. फक्त पुढचा बार फार जाड नको. पुढची चाके वळणावर बाहेर घसरू लागतात.