सिलिंडर घरी, इंडक्शन गाडीत: सहलीला निघण्यापूर्वीचा हिशेब

मे महिन्याची सुट्टी लागली की मोऱ्यातून गाड्या निघू लागतात. कुणी हाजी मलंगला, कुणी खुलताबादला, कुणी गुलबर्ग्याला ख्वाजा बंदे नवाज यांच्या दर्ग्यावर, तर कुणी सरळ गोव्याला. पूर्वी मोऱ्यातून बाहेर पडायचे म्हणजे आधी भरती-ओहोटी पाहायची, लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरायचे आणि तिथून पुढची गाडी पकडायची. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि त्याच दिवशी उरणपर्यंतची रेल्वेही सुरू झाली. तरी दहा-पंधरा माणसांचे कुटुंब निघाले की पसंती भाड्याच्या टेंपो ट्रॅव्हलरलाच असते. दाराशी चढायचे आणि दाराशी उतरायचे. सामानात चटया, पाण्याचे जार, तांदूळ, मसाल्याचे डबे, सोड्यांची पुडी, आणि मागच्या सीटखाली हमखास एक गॅस सिलिंडर.

प्रवासात स्वतः शिजवण्याची गरज खरी आहे. पंधरा जणांना दोन वेळ हॉटेलात जेवू घालणे परवडत नाही. दादीला बिनतिखटाचे हवे, अब्बांना साखरेचे पथ्य, तान्ह्या बाळाला पेज. अनोळखी रस्त्यावर हलाल जेवण कुठे मिळेल, हा प्रश्न तर प्रत्येक वळणावर असतो. म्हणून ‘बाहेरच जेवा’ हा सल्ला कुणी ऐकणार नाही. प्रश्न एवढाच, की शिजवायचे कशावर?

उरण परिसरातल्या माणसाला गॅसची ओळख करून द्यायला नको. ओएनजीसीचा प्रकल्प आपल्या उशाशी आहे. ३ सप्टेंबर २०१९ रोजी तिथे लागलेल्या आगीत चार जणांचा जीव गेला, त्यात आग विझवायला धावलेले जवानही होते. तिथे निदान प्रशिक्षित माणसे आणि अग्निशमन यंत्रणा होती. बंद गाडीत काय असते? स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळाला तर तो उडून जात नाही, गाडीच्या तळाशी, चटयांच्या आणि झोपलेल्या मुलांच्या पातळीवर साचतो. मग एक काडी पुरते.

२६ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे मदुराई स्थानकाजवळ नेमके हेच घडले. लखनऊहून निघालेल्या यात्रेकरूंचा खासगी डबा तिथे उभा होता. नियम मोडून डब्यात सिलिंडर आणलेला होता. चहा करायला गेले आणि डबा पेटला. नऊ जण दगावले. आणि मिना कोण विसरेल? १५ एप्रिल १९९७ रोजी हजच्या दिवसांत तंबूंना लागलेल्या आगीत ३४३ हाजी मरण पावले. त्यानंतर तिथे आग न पकडणारे तंबू उभे राहिले आणि तंबूत गॅसवर शिजवण्याला बंदी आली. आपल्या गाड्यांच्या सीटखाली मात्र सिलिंडर अजून तसाच आहे.

इंडक्शन शेगडी ही त्यावरची चांगली तोड आहे, यात शंका नाही. ज्योत नाही, गळती नाही, धूर नाही, वजन दोन-तीन किलो. पण ती दुकानातून जशी निवडली जाते, तशी निवडली तर प्रवासात निकामी ठरते. दुकानदार विचारतो, ‘किती वॉटची दाखवू?’ आणि आपण म्हणतो, ‘मोठीच द्या, दोन हजारची.’ खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. ही शेगडी लावणार कशाला?

हिशेब सोपा आहे. वॉटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची. दोन हजार वॉटची शेगडी पूर्ण जोरावर जवळजवळ ९ अँपिअर खेचते. लॉजच्या किंवा मुसाफिरखान्याच्या खोलीत मोबाइल चार्ज करायचा जो लहान पॉइंट असतो, तो ६ अँपिअरचा, म्हणजे फार तर १३८० वॉटचा. त्यात मोठी शेगडी लावली तर एक तर बटण पडते, किंवा ते पडत नाही आणि भिंतीतली वायर तापते. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा वाईट. जाड पायांच्या प्लगचा १६ अँपिअरचा पॉइंट खोलीत बहुधा एसी किंवा गीझरसाठी असतो. तो वापरायचा असेल तर आधी व्यवस्थापकाला विचारावे. अनेक लॉज खोलीत शिजवू देत नाहीत. तो त्यांचा अधिकार आहे. लपूनछपून शिजवण्यापेक्षा खोली ठरवतानाच फोनवर विचारलेले बरे. परवानगी मिळाली, तर गीझर आणि शेगडी एकाच वेळी चालवू नका.

प्लग मोठा आणि पॉइंट लहान असेल तर मधे बदलणी लावून काम भागवण्याची आपल्याकडे जी सवय आहे, ती सोडावी. प्लग जाड केलेला असतो तो उगाच नाही. बाजारातली स्वस्त एक्स्टेन्शन बोर्डसुद्धा आत बारीक वायर घेऊन येतात. बोर्ड न्यायचाच असेल तर १६ अँपिअरचा, जाड वायरचा, आणि वापरताना वायरचे भेंडोळे पूर्ण उलगडलेले. दहा मिनिटांनी प्लगला हात लावून पाहा. चटका बसत असेल किंवा प्लास्टिकचा वास येत असेल तर तिथेच थांबा.

आता गाडीतल्या गाडीत शिजवायचा विचार. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेल्या गाड्या आणि त्या उभ्या करण्यासाठी वीज-पाण्याची व्यवस्था असलेली ठिकाणे, अशी त्यातली कल्पना. अशा जागी बाहेरची वीज जोडून इंडक्शन खुशाल चालवता येते. भाड्याच्या साध्या ट्रॅव्हलरमध्ये ते होत नाही. सिगारेट पेटवायच्या खाचेतून शंभर-दीडशे वॉट मिळतात, त्यात मोबाइल चार्ज होतो, भात होत नाही. काही जण इन्व्हर्टर आणि बॅटरी बसवून घ्यायचे म्हणतात. त्यांनी बॅटरीचे आकडे आधी पाहावेत. १२ व्होल्टच्या बॅटरीतून १२०० वॉट घ्यायचे तर शंभराहून जास्त अँपिअर वाहतात. त्यासाठी बोटाएवढ्या जाड केबल आणि बॅटरीजवळच फ्यूज लागतो. हे काम रस्त्यावरच्या मेकॅनिकने ‘जमवून’ द्यायचे नाही. बारा व्होल्ट, शंभर अँपिअर-अवरच्या साध्या बॅटरीत कागदावर सव्वा युनिट वीज असते. ती टिकवायची तर त्यातली निम्मीच वापरावी, म्हणजे अर्धे-पाऊण युनिट. तेवढ्याच आकाराची लिथियम बॅटरी जवळपास एक युनिट देते, पण महाग पडते.

आणि एक युनिटमध्ये होते काय? एक लिटर पाणी उकळायला साधारण ०.१ युनिट लागते. म्हणजे सात-आठ कप चहा. पाच-सहा माणसांचे कुकरमधले डाळ-भात आणि एक कालवण यांना अंदाजे पाऊण युनिट. थोडक्यात, साध्या बॅटरीवर एका छोट्या कुटुंबाचे एक वेळचे जेवणही जेमतेम. पंधरा माणसांसाठी बॅटरीचा विचारच नको. त्यांनी मुक्कामाच्या जागी, भिंतीतल्या विजेवर शिजवावे आणि वाटेतले एक जेवण घरून बांधून न्यावे. मला तरी हीच वाट शहाणपणाची वाटते. गाडी चालू असताना शेगडी लावण्याचा विषयच काढू नये. काचेवर ठेवलेले उकळते पातेले आणि घाटाचे वळण, एवढे सांगणे पुरे. रेल्वेने जाणाऱ्यांसाठी तर शेगडी नाहीच. डब्यातले पॉइंट मोबाइल-लॅपटॉपपुरते असतात, त्यात किटली किंवा शेगडी लावणे हा गुन्हा आहे.

एवढा हिशेब झाला की शेगडी निवडणे सोपे जाते. प्रवासाला १२०० ते १४०० वॉटची लहान शेगडी बहुतेकांना पुरते. ती थोडी सावकाश शिजवते, पण जास्त ठिकाणी चालते. दोन हजारची घेतलीच तर ती कमी जोरावर चालवता आली पाहिजे. इथे एक बारकावा आहे जो खोक्यावर लिहिलेला नसतो. अनेक स्वस्त शेगड्या ४०० वॉटवर ठेवल्या तरी खरोखर ४०० वॉट घेत नाहीत. त्या काही सेकंद हजार-बाराशे वॉट घेतात, मग काही सेकंद बंद राहतात, आणि सरासरी ४०० दाखवतात. घरी याने फरक पडत नाही, फक्त दूध उसळी मारत उकळते. इन्व्हर्टरवर किंवा लहान पॉइंटवर मात्र प्रत्येक उसळीला झटका बसतो. दुकानात पातेलेभर पाणी ठेवायला सांगा, सर्वांत कमी जोर लावा आणि पाहा: बुडबुडे सतत येतात, की येतात-थांबतात?

‘कोणतेही भांडे चालेल’ म्हणून इन्फ्रारेड शेगडी पुढे केली जाते. ती वेगळी वस्तू आहे. तिची काच स्वतः लाल होईपर्यंत तापते आणि बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते. लहान मुलांच्या गर्दीत, अरुंद जागेत ती नको. इंडक्शनची काचही गरम भांड्यामुळे तापते, पण तिथे विस्तव नसतो.

भांड्यांसाठी घरातले लोहचुंबक काढा. बुडाला घट्ट चिकटले तर भांडे चालेल. ॲल्युमिनियमचा टोप, तांब्याची कल्हईची देगची चालणार नाही. स्टीलचीही सगळी चालत नाहीत. बूड सपाट हवे. लोखंडी तवा चालतो, पण खोलगट असेल तर मधेच टेकतो. तांदळाची भाकरी तव्यावर होते, पण आचेवर फुगवता येत नाही. सुके बोंबील विस्तवावर भाजून खाणाऱ्यांची तर पंचाईतच, ते घरून भाजून डब्यात भरावेत. आणि देगची कितीही मोठी असो, आतली तापणारी कॉइल वीतभरसुद्धा रुंद नसते. पंधरा जणांची बिर्याणी एका देगचीत चढवली तर मधोमध करपेल आणि कडेला तांदूळ कच्चे राहतील. त्यापेक्षा पाच लिटरचा, सपाट बुडाचा कुकर दोनदा लावा.

बाकी गोष्टी थोडक्यात. आयएसआय चिन्ह पाहा, पक्के बिल घ्या. ‘डोसा’, ‘दही’, ‘खीर’ अशी वीस बटणे असण्यापेक्षा जोर कमी-जास्त करायचे एक साधे बटण आणि टायमर असला की झाले. ओल्या हातांना टचचे पॅनल त्रास देते. दाबायची बटणे किंवा फिरवायची खुंटी बरी. मुले बरोबर असतील तर चाइल्ड लॉक पाहून घ्या. शेगडीच्या पोटाखालून पंखा हवा ओढतो, म्हणून ती गादीवर, चादरीवर, दस्तरखानावर ठेवायची नाही. खाली लाकडी पाट किंवा फरशी हवी. काचेला तडा गेला असेल तर ती शेगडी वापरू नये, कारण तड्यातून पाणी आत विजेपर्यंत पोहोचते. कुणाच्या छातीत पेसमेकर असेल तर त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय शेगडीशी उभे राहू नये, निदान दोन फूट लांब असावे.

मोऱ्यासारख्या ठिकाणी आणखी एक. इथली हवा खारी आणि दमट. प्रवासाहून परतल्यावर शेगडी माळ्यावर उघडी टाकली तर आतल्या पट्टीला गंज धरतो, आणि खालच्या जाळीतून झुरळे शिरून घर करतात. बंद पडलेली शेगडी उघडली की त्यांचे उद्योग दिसतात. पुसून, कोरडी करून, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मूळ खोक्यातल्या थर्माकोलसकट ठेवावी. तेच खोके गाडीतही काचेला सांभाळते. शिजवून झाल्यावर मात्र लगेच भरायची नाही. पंखा थांबू द्यायचा, काच हाताला थंड लागू द्यायची, मग प्लग काढायचा.

निघण्याच्या आठवडाभर आधी घरीच एक दिवस फक्त त्या शेगडीवर, नेणार त्याच भांड्यांत जेवण करून पाहा. सुरू करताना आणि संपल्यावर मीटरचा आकडा लिहून ठेवा. त्या वेळात पाण्याचा पंप, इस्त्री, फ्रिज बंद ठेवले म्हणजे आकडा बराचसा शेगडीचाच येईल. बॅटरीवाल्याकडे किंवा कॅराव्हॅन भाड्याने देणाऱ्याकडे जाताना तोच आकडा बरोबर न्या आणि विचारा, ‘एवढी वीज एका वेळी मिळेल का?’